‘मुं’ लिहिलेली नावं

माझ्याकडच्या मतदार यादीत बऱ्याच नावांपुढे पेन्सिलीने ‘मुं’ लिहिलेलं आहे. मुं म्हणजे मुंबई. त्यात विरार आलं, नालासोपारा आलं, दिवा, डोंबिवली, बदलापूर, सगळं आलं. आमच्या गावात ठाण्याच्या पुढे राहणारा माणूससुद्धा मुंबईलाच असतो. ही खूण सरकारी नाही. बीएलओचं, म्हणजे केंद्राची मतदार यादी तपासत राहण्याचं काम माझ्याकडे आलं त्या वर्षी घरोघर फिरताना माझी मलाच सोय म्हणून मी ती करायला लागले. सुरुवातीला पानावर चार-पाच असायच्या. आता काही पानांवर ‘मुं’ नसलेलं नाव शोधावं लागतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीकाठी आमचं गाव. आमच्या खळ्यातून समोरचा काठ दिसतो, तो राजापूर तालुका. तिथे माझं माहेर. होडीने गेलं तर पोचायला वेळ लागत नाही, गाडीने मात्र पुलावरून भला मोठा वळसा पडतो. लग्नाला तीस वर्षं उलटली, तरी संध्याकाळी समोरच्या काठावर दिवे लागले की माझी नजर आपोआप तिकडे जाते.

2024 च्या लोकसभा निकालाबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. मी कुणाला मत दिलं ते इथे लिहिणार नाही. कोण जिंकायला हवं होतं हेही सांगायचं नाही. मला सांगायचंय ते यादीबद्दल, कारण ती गेली कित्येक वर्षं माझ्या पिशवीत आहे आणि तिच्यातलं जे मला दिसतं ते निकालाच्या दिवशी टीव्हीवर कधीच दिसत नाही.

4 जूनला मंगळवार होता. शाळेला सुट्टी. पाऊस दाराशी आलेला आणि घराघरांत एकच घाई चाललेली. लाकडं आत घ्यायची, पडवीला प्लास्टिक बांधायचं, उन्हात घातलेली आंब्याची साठं एक थेंब पडायच्या आत उचलायची. वीज सकाळपासून येत-जात होती. आमच्याकडे मोबाइलला रेंज मिळते ती मागच्या बांधावर, फणसाखाली. ह्यांनी तिथेच खुर्ची टाकली होती आणि प्रत्येक फेरीचा आकडा ते तिथून ओरडून सांगत होते. शेजारचे दोघे-तिघे गडग्याला टेकून उभे. मी साठांची ताटं आत-बाहेर करत होते. डाव्या हाताच्या बोटावरची शाई अजून गेली नव्हती. कातडीवरची पुसट झाली होती, पण नखावरची वाढत्या नखाबरोबर पुढे सरकून मध्यावर आली होती.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा निकाल तुम्हाला माहीत असेल. महायुतीचे नारायण राणे यांना 4,48,514 मतं, महाविकास आघाडीचे विनायक राऊत यांना 4,00,656. फरक 47,858. त्याच दिवशी बाकीच्या महाराष्ट्राने बरोबर उलटं केलं होतं. 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला, 17 महायुतीला, सांगलीत अपक्ष. रायगडातही महायुतीचे सुनील तटकरे आले, आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला अख्ख्या राज्यात मिळालेली ती एकच जागा. साहजिकच दुपारनंतर सगळीकडे एकच वाक्य ऐकू यायला लागलं, ‘कोकणाने वेगळा कौल दिला.’

आता हा ‘कोकणाचा कौल’ जरा जवळून बघा. आमच्या मतदारसंघात विधानसभेचे सहा भाग. चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या तिन्ही ठिकाणी राऊत पुढे होते. कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी या तिन्ही ठिकाणी राणे पुढे. देवगड तालुका कणकवलीत मोडतो. म्हणजे हा कौल दुभंगला कुठे, तर आमच्या खळ्यासमोर. माहेर एकीकडे गेलं आणि सासर दुसरीकडे. त्या रात्री भावाला फोन केला तेव्हा आम्ही दोघंही निकालाबद्दल बोललो नाही. आंबे संपले का, कौलं शेकारून झाली का, एवढंच बोललो.

असं का झालं याची उत्तरं सगळ्यांकडे तयार असतात. मला ती इतकी सोपी वाटत नाहीत. राजापूरच्या बाजूने जमिनीची भीती फार सोसली आहे. आधी जैतापूरचा अणुप्रकल्प. एप्रिल 2011 मध्ये साखरीनाट्याला गोळीबार झाला आणि एक माणूस गेला. मग 2017 मध्ये नाणारची रिफायनरी आली. त्या प्रकल्पाच्या यादीत राजापूरची चौदा गावं होती आणि आमच्या देवगडची दोन, गिर्ये आणि रामेश्वर. 2019 ची लोकसभा तोंडावर आली तेव्हा ती रिफायनरी रद्द झाली. पुढे तोच प्रकल्प बारसू-सोलगावला आणायचं ठरलं आणि एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाच्या वेळी बारसूच्या सड्यावर, पाय भाजणाऱ्या उन्हात, बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. माझी एक मावसबहीण त्यांत होती. तिला मी विचारलं होतं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, सातबाऱ्यावर माझं नाव नाही, नवऱ्याचं आहे, पण आडवं व्हायला सातबारा लागत नाही.

म्हणून राजापूरचं मत तसं पडलं असेल का? थोडंफार पडलं असेल. पण त्याच राजापूरने 2024 च्याच नोव्हेंबरात विधानसभेला महायुतीचा आमदार निवडून दिला. माणसं एका कारणाने मत देत नाहीत. आणि खाडीच्या अल्याड-पल्याड दुखणी काही वेगळी नाहीत. मोठा आजार निघाला की इकडचा माणूस गोव्याला बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला न्यावा लागतो, तिकडचाही कोल्हापूर नाहीतर मुंबई. काजूला दर मिळत नाही तो दोन्ही काठांवर मिळत नाही. आणि शाळेचा पट इकडे घसरला तसा तिकडेही घसरला. मोहोर जळतो, वानर बागेत शिरतात, झिलगे बारावी झाले की गाडीत बसतात, हे दोन्हीकडे सारखं.

ही खाडी अशी सीमा झाली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. 1981 साली रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. तोवर दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. लोकसभेला मात्र त्याआधी आणि त्यानंतरही दोन्ही काठ एकत्रच मत देत आले. त्या मतदारसंघाचं नाव होतं राजापूर. माझ्या वयाच्या माणसांना ‘राजापूर’ म्हटलं की गंगा आठवते आणि त्या पाठोपाठ बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते.

नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे. 1957, 1962 आणि 1967, तीन वेळा ते राजापूरमधून निवडून गेले. जानेवारी 1971 मध्ये ते अचानक गेले तेव्हा मी जेमतेम अडीच-तीन वर्षांची, त्यामुळे मला काही आठवण असण्याचं कारण नाही. पण बाबांनी त्यांचं भाषण ऐकलं होतं आणि ते किती वेळा ऐकलं, कुठे ऐकलं, हे ते शेवटपर्यंत सांगत. बोलणं कळलं किती हा भाग वेगळा, पण दिल्लीत आपल्यातला एक माणूस उभा राहून असं बोलतो, याची त्यांना जन्मभर पुरलेली ऐट होती.

बाबा परळच्या गिरणीत होते. वर्षाचे अकरा महिने मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला घरी. 1977 च्या मार्चमध्ये ते निवडणुकीसाठी म्हणून मुद्दाम आले, हे मला पक्कं आठवतं. शिमगा नुकताच होऊन गेलेला, रजा संपलेली, आणि हे मत द्यायला परत एसटीत बसून आले. आईने विचारलं, खाडा पडणार, पैसे कापणार, कशाला आलात? दंडवते आणीबाणीत तुरुंगात होते. बाबा म्हणाले, तो माणूस आपल्यासाठी आत बसला, मला एक दिवस उभं राहायला काय होतं. ते मतदानाला गेले तेव्हा मी बरोबर होते. धुतलेला सदरा, डोक्याला तेल, आणि परतताना ते बोट असं जरा वर धरून चालत होते, जणू शाई सांडेल.

दंडवते 1971 पासून पाच वेळा राजापूरमधून निवडून गेले. रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या. आमच्याकडे त्या वेळी रेल्वेच नव्हती. आमच्या माणसांना त्या गादीवर बसायला आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली ती 26 जानेवारी 1998 पासून. दंडवते तोवर खासदार नव्हते. 1991 ला ते हरले होते. त्या पराभवाने बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी माझं पहिलं मत 1989 मध्ये माहेरी दिलं, दुसरं 1991 मध्ये सासरी. काठ बदलला तरी मतदारसंघ तोच होता.

बाबांचं नाव मुंबईच्या यादीत कधीच लागलं नाही. तीस वर्षं ते तिथे राबले, 1982 च्या संपात नोकरी गेली तेव्हा परत आले, पण मधल्या काळात त्यांनी मत दिलं ते इथेच. मी यादी हातात घेऊन फिरते तेव्हा मला वाटतं, त्या काळी मी बीएलओ असते तर बाबांच्या नावापुढेही ‘मुं’ लिहिलं असतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

2004 पर्यंत रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून तीन खासदार जायचे. कुलाबा, रत्नागिरी, राजापूर. 2008 मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली, 2001 च्या जनगणनेवर. तीनचे दोन झाले. राजापूर हे नाव लोकसभेच्या नकाशावरून गेलं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जोडले गेले. दापोली आणि गुहागर रत्नागिरी जिल्ह्यातच राहिले, पण खासदारापुरते रायगडला बांधले गेले. विधानसभेतही तेच. सिंधुदुर्गाच्या चार जागांच्या तीन झाल्या. देवगड नावाचा मतदारसंघ होता, मालवण होता, वेंगुर्ला होता. तिन्ही नावं गेली. पलीकडे खेड गेलं, संगमेश्वर गेलं.

आणि त्याच फेररचनेत त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात दोनाच्या जागी चार खासदार झाले. ठाणे आणि डहाणू होते, तिथे पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे असे चार मतदारसंघ आले. नीट पाहिलं तर आमच्या जागा माणसांच्या मागोमाग चालत गेल्या. आमची मुलं ज्या चाळींत आणि ज्या सोसायट्यांत राहायला गेली तिथेच त्या उतरल्या. यात कुणी अन्याय केला असं मी म्हणत नाही. डोकी मोजायची तर ती आहेत तिथेच मोजावी लागतात. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली, सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर. देशभर माणसं वाढत होती आणि आमची कमी होत होती. त्या आकड्यांत जन्म-मृत्यूंपेक्षा एसटीची आणि रेल्वेची तिकिटं जास्त आहेत, हे इथल्या कुठल्याही शिक्षकाला पट पाहून कळतं. माझ्या शाळेत मी आले तेव्हा पहिलीत एका ओळीत न मावणारी मुलं होती. गेल्या वर्षी पहिलीत दोन होती.

म्हणून मतदानाचा टक्का ऐकला की मला राग येतो. 2024 ला आमच्या मतदारसंघात साडेबासष्ट टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. साडेचौदा लाखांच्या घरात मतदार, नऊ लाखांच्या थोडं वर मतं. लगेच कुणीतरी म्हणतं, लोक उदासीन आहेत, जनजागृती हवी. आमच्या शाळेतल्या मुलांकडून प्रभातफेऱ्या काढून घेतात. ‘मतदान करा’ असं ओरडत ती पोरं बंद घरांसमोरून जातात. एका वाडीत चौदा घरं आणि नऊ कुलपं. अंगणात पातेरा साठलेला, तुळस सुकलेली, पण यादीत त्या घर क्रमांकावर सात-सात नावं. त्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. पंचवीस वर्षांपूर्वीचे, मिशी नुकती फुटलेले. ते उदासीन नाहीत. ते त्या वेळी बदलापूर लोकलमध्ये उभे आहेत.

जे राहिले त्यांतही बायका जास्त. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. मतदानाच्या दिवशी हे कुठल्याही केंद्रावर डोळ्यांनी दिसतं. 7 मेला मी आमच्या केंद्राबाहेर टेबल टाकून बसले होते, यादी आणि चिठ्ठ्या घेऊन. सात वाजता मतदान सुरू झालं तेव्हा बायकांची रांग शाळेच्या पायऱ्या उतरून चिंचेपर्यंत गेली होती आणि पुरुषांच्या रांगेत अकरा जण होते. बायका सहापासूनच आलेल्या. घरी जाऊन भाकऱ्या करायच्या होत्या, काजू सुकत घालायचे होते, पाणी भरायचं होतं. पण सगळ्या नीट नेसून आलेल्या. एकीने अबोलीचा वळेसर माळला होता. मी तिला म्हटलं, काय गो, लग्नाक चललंस? ती म्हणाली, “आज माका कोणतरी नावान हाक मारतलो, बाईनू.” आणि खरंच, आत मतदान अधिकारी यादीतलं नाव मोठ्याने वाचतात, तेव्हा ते तिचं पूर्ण नाव असतं. एरवी ती अमक्याची आई, तमक्याची काकी. तिचं नाव वाचल्याचं बाहेर मला ऐकू आलं. तिने ‘होय’ म्हटलेलंही ऐकू आलं.

नावाला वजन असतं हे राजकारणातल्या माणसांना चांगलं माहीत असतं. 2014 ला रायगडात अनंत गीते 2,110 मतांनी जिंकले, सुनील तटकरे हरले. त्या निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचे आणखी एक अपक्ष उमेदवार होते आणि त्यांना साडेनऊ हजारांहून अधिक मतं पडली होती.

दुपारी एकनंतर ट्रॅव्हल्सच्या गाड्या आल्या. या गाड्या कोण करतं, पैसे कोण भरतं, हे विचारायचं माझं काम नाही. दर निवडणुकीला येतात. माणसं रात्रभर बसून आलेली, घामाने डबडबलेली, हातात पाण्याच्या बाटल्या. उतरल्या उतरल्या आधी टेबलाशी येतात. “बाई, ओळखलंत का?” माझे विद्यार्थी असतात. चाळिशी गाठलेले, पोट सुटलेले. नाव शोधते, पेन्सिलीचं ‘मुं’ त्यांना दिसतं. एकाने त्याच्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सांगितलं. तो काही वेळ त्या अक्षराकडे बघत राहिला आणि म्हणाला, “बाई, खोडा ना. आज तरी खोडा.” मी रबर काढलं आणि खोडलं. मत देऊन, घरी देवाला नारळ ठेवून, संध्याकाळी तो परत गाडीत बसला. पुढच्या फेरीला मी ते पुन्हा लिहिलं.

काही जण मेच्या सुट्टीत आधीपासूनच गावात होते, बायका-मुलांसकट. त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं आता इथे नाहीत, तिकडे आहेत. मुंबई, ठाणे, कल्याण, पालघर यांचं मतदान 20 मेला होतं. ऐन सुट्टीत, आंबे उतरवायच्या दिवसांत. काही जण त्यासाठी परत गेले. बरेच गेले नाहीत. परतीचं तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्यातलं, मुलांना सोडवत नाही, म्हातारीला हाताखाली माणूस हवं. कल्याणमध्ये जेमतेम पन्नास टक्के मतदान झालं तेव्हा तिथल्या सुशिक्षितांना पुष्कळ नावं ठेवली गेली. त्यांतली काही मतं त्या दिवशी आमच्या गावात फणस फोडत बसली होती. मी स्वतः बघितली. ज्या माणसाला दोन घरं चालवावी लागतात, त्याचं मत नेमकं त्या दिवशी तो नसतो त्या घरी असतं. कायदा एकच नाव म्हणतो आणि ते बरोबरच आहे, एक माणूस एकच मत. पण आमच्या माणसाचं एक चूल इथे आणि एक शेगडी तिथे असं आयुष्य झालं आहे. त्याला कुठल्याही एका यादीत बसवलं की अर्धा बाहेर राहतो.

बीएलओच्या कामातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे दुबार आणि स्थलांतरित नावं. मयत सोपं असतं. दाखला बघायचा, नमुना सात भरायचा, घरच्यांची सही घ्यायची. रडत का होईना, सही देतात. पण जिवंत माणसाचं नाव काढायचं म्हटलं की घर अडून बसतं. नाव काढणं माझ्या हातात नसतं, मी फक्त अहवाल देते, हे त्यांना पटत नाही. त्यांच्या दृष्टीने नाव बाईच काढतात.

खालच्या वाडीत खाडीला लागून एक काकी राहते. ऐंशीच्या पुढची. एकटीच. तिचा मुलगा नालासोपाऱ्याला असतो. गेल्या चार निवडणुका तो आलेला नाही. गणपतीला येतो, तेही आता एक वर्षाआड. त्याचं तिकडे नाव लागलंय का हे विचारायला मी गेले होते. ती भाताच्या कणग्याला टेकून वाल सोलत बसली होती. मी यादी उघडून तिला मुलाचा फोटो दाखवला. तिला आता फारसं दिसत नाही. तिने यादी हातात घेतली, कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि अंगठ्याने त्या चौकोनावरून हात फिरवला. मग म्हणाली, “नाव तरी रव्हांदे गो बाय. यादीत नाव नसला तर तेका ह्या गावात कोण इचारतलो?”

मी तिला समजावलं. रेशन कार्ड वेगळं, घरपट्टी वेगळी, सातबारा वेगळा. मतदार यादीतून नाव गेलं म्हणून घरावरचा हक्क जात नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “मगे गावचो कसो?” त्याचं उत्तर माझ्याकडे कुठल्याच नमुन्यात नव्हतं. त्या वर्षी मी अहवालात लिहिलं, ‘तात्पुरता बाहेरगावी.’ तिकडे नाव लागल्याचा पुरावा मला मिळाला नव्हता, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण पुरावा मिळावा म्हणून मी फारशी खटपटही केली नाही.

पुढे काय होणार हे मला दिसतं, म्हणून हे सगळं लिहिते आहे. लोकसभेच्या जागा राज्याराज्यांत कशा वाटायच्या ते 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवलेलं आहे. ती जनगणना झाली की पुन्हा रेघा मारल्या जातील. दाक्षिणात्य राज्यं आतापासून अस्वस्थ आहेत, त्यांच्याबद्दल लिहून येतं, बोललं जातं. त्यांनी लोकसंख्या आवरली म्हणून त्यांच्या जागा घटू नयेत, हे म्हणणं मला पटतं. मग राज्याच्या आत ज्या जिल्ह्यांनी आपली तरणी माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला पुरवली, त्यांचं काय? गिरण्या आमच्या माणसांनी चालवल्या, भांडी आमच्या बायांनी घासली, पोलिसात, गोदीत, नगरपालिकेत आमचेच. त्याची किंमत म्हणून एक खासदार आम्ही आधीच दिला आहे. उद्या आणखी आमदार जातील. जेवढी कुलपं वाढतील तेवढा आमचा आवाज दिल्लीत आणि मुंबईत बारीक होईल आणि जेवढा तो बारीक होईल तेवढी इथे काही उभं राहायची आशा कमी. मग पुन्हा कुलपं. या फेऱ्यावर कुठल्याच सभेत कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही, दोन्ही बाजूंच्या नाही. सभांत बोलणं होतं ते कोण गद्दार आणि कोण निष्ठावंत यावर.

माझा मुलगा डोंबिवलीला असतो. 2024 ला तो मतदानासाठी आला होता, 6 तारखेच्या रात्री निघून. मत दिलं, माझ्या टेबलाशेजारी उभा राहून कलिंगड खाल्लं, बापाला बागेत मदत केली आणि परत गेला. पुढच्या दिवाळीत त्याने सांगितलं, “आई, मी नाव तिकडे घेतोय.”

मी काहीच बोलले नाही, तेव्हा तोच बोलत राहिला. “माझी लोकल उशिरा येते, पाणी एक दिवस येतं एक दिवस नाही, पोराला शाळेत घालायचंय. त्याबद्दल मी कुणाला जाब विचारू? देवगडच्या आमदाराला?”

देवगडला आता आमदारच नाही, कणकवलीला आहे, असं तोंडावर आलं होतं. बोलले नाही. नागरिकशास्त्र मीच शिकवलं होतं त्याला. जिथे राहतो तिथे मत द्यावं, तिथल्या कामांचा हिशेब मागावा, हे फळ्यावर लिहून. तो बरोबरच सांगत होता. त्याने नमुना आठ मोबाइलवरूनच भरला, पाच मिनिटांत. भरताना मला दाखवत होता, बघ किती सोपं झालंय.

नंतरच्या यादीत त्याच्या नावावर आडवा शिक्का होता. घर क्रमांक तोच, वर सासऱ्यांचं नाव वगळलेलं, मग ह्यांचं, मग माझं, मग तो शिक्का. त्याचा अठराव्या वर्षीचा फोटो त्याखाली निम्मा झाकलेला. तो फोटो काढायला देवगडच्या स्टुडिओत मीच घेऊन गेले होते आणि केस विंचरायला माझा कंगवा दिला होता. त्याच्या नावापुढे मी कधी ‘मुं’ लिहिलेलं नव्हतं. बाकी सगळ्यांच्या नावापुढे लिहिलं, त्याच्यापुढे नाही. हे मला त्या दिवशी, तो शिक्का बघताना लक्षात आलं.

त्याच आठवड्यात मी खालच्या वाडीत गेले होते. काकी खळ्यात बसली होती. पावलांचा आवाज तिने ओळखला. यादी आली का, तिने विचारलं. आली म्हटलं. तिच्या मुलाचं नाव होतं, ते तिला वाचून दाखवलं, बापाच्या नावासकट. तिने मान हलवली. मग म्हणाली, “आणि तुझ्या झिलाचा?”

“नाय, काकी. तेचा नाव डोंबिवलीक गेला.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. ओहोटी लागली होती, खाडीत गाबतांच्या होड्या चिखलात टेकायला आल्या होत्या. मग भिंतीला धरून ती उठली, चाचपडत आत गेली, आणि पितळेच्या तांब्यात पाणी आणि वाटीत गुळाचा खडा घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या शेजारी बसली.